स्टॉप २ मधून उठल्यावर सिरियलवर कचरा

प्रश्न: मंडळी, एसटीएम३२एल४ (कमी वीज खाणारा मायक्रोकंट्रोलर) वर पाण्याच्या मीटरचा ड्रायव्हर लिहितोय. बॅटरीवर चालणार, म्हणून स्टॉप २ (चिपची गाढ झोप) हवाच. आरएस-४८५ (सिरियल लाइन) वर बाइट आला की चिप उठली पाहिजे, पण यूसार्ट१ (चिपमधला सिरियल पोर्ट) ढिम्म. बटणाने उठवली तर डिबग पोर्टवर नुसता कचरा. कुठे बघू?

उत्तर: यूसार्ट१ स्टॉप २ मधून उठवतच नाही, त्याची मजल स्टॉप १ (त्याहून हलकी झोप) पर्यंत. एलपीयूआर्ट१ (कमी विजेवर चालणारा सिरियल पोर्ट) घ्या, त्याला ३२.७६८ किलोहर्ट्झचा एलएसई (बाहेरच्या क्रिस्टलचा) क्लॉक द्या (९६०० बॉडच्या वेगापर्यंत निभतं) आणि यूईएसएम (स्टॉपमधून पोर्टला उठवू देणारा) बिट लावा. कचऱ्याचं कारण वेगळं. स्टॉपमध्ये पीएलएल (वेगवान क्लॉक बनवणारा भाग) बंद होतो, उठल्यावर चिप एमएसआय किंवा एचएसआय१६ या आतल्या क्लॉकवर धावते. बॉड रेटचं गणित मात्र जुन्या क्लॉकचं. डब्ल्यूएफआय (चिपला झोपवणारी सूचना) नंतर लगेच क्लॉक पुन्हा लावा, छपाई मग. आणि हे ड्रायव्हरमध्येच करा हो! ॲप्लिकेशनवर सोडलं की कुणीतरी विसरतंच.

आणखी एक: झोपण्याआधी टीसी (पाठवणं पूर्ण झाल्याचा) फ्लॅग तपासा. नाहीतर शेवटचा बाइट अर्धवट तुटतो आणि ४८५ ची डीई (पाठवणी चालू करणारी) पिन वरच अडकून राहते, मग अख्खी लाइन गप्प.

प्रश्नकर्ता: पीसी० आणि पीसी१ या पिना मोकळ्या आहेत, एलपीयूआर्ट तिथेच जोडतो. मनापासून आभार.