वायरवाले हेडफोन की ब्लूटूथ? आवाज आणि आराम, दोन्हीत मला वायरच पटते

मंद्र_सप्तक
हल्ली दुकानात वायरवाला हेडफोन मागितला की दुकानदार आधी दोन ब्लूटूथचे बॉक्स पुढे ठेवतो, मग सांगतो की वायरवाले आता कोणी घेत नाही. मला हे अजिबात पटत नाही. घरी शांत बसून शास्त्रीय ऐकायचं असेल तर त्याच किमतीत वायरवाला सरळ पुढे आहे. साधा हिशोब आहे, ब्लूटूथवाल्यात तुमचे पैसे बॅटरी, चिप, माइक, चार्जिंग केस या सगळ्यात वाटले जातात, वायरवाल्यात ते ड्रायव्हर (आतला छोटा स्पीकर) आणि बांधणीवर लागतात. दीड-दोन हजारातल्या वायरवाल्या इन-इअरमध्ये (कानाच्या आत बसणाऱ्या) तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारेची गुंजणारी झंकार, जशी उलगडते तशी त्या भावातल्या ब्लूटूथ बड्समध्ये मी अजून ऐकलेली नाही, बड्समध्ये बायाँचा (तबल्यातल्या डग्ग्याचा) घुमारा नुसता फुगवलेला असतो आणि गवयाचा खर्ज (खालचे सूर) त्याच्याखाली दबून जातो.
आणि डेटाचं बघा. सीडीचा आवाज सेकंदाला १४११ किलोबिट, ब्लूटूथचा साधा एसबीसी कोडेक (आवाज दाबून पाठवायची पद्धत) जास्तीत जास्त ३२८ च्या आसपास, आयफोनचं एएसी २५० च्या आसपास. सोनीचा कोडेक एलडॅक ९९० पर्यंत जातो पण सिग्नल कमी झाला की ६६० नाहीतर ३३० वर उतरतो, आयफोनमध्ये तर तो नाहीच.
आराम म्हणाल तर एअरपॉड्स मॅक्स ३८५ ग्रॅमच्या घरात, सेनहायझरचा एचडी ६०० वायर सोडून २६० ग्रॅम, वर त्याचे कप मागून उघडे, कान उकडत नाहीत. अख्खी मैफल ऐकताना हा फरक मानेला कळतो.

विरार_फास्ट
शांत बसून ऐकायला वेळ कोणाकडे आहे हो? माझं सगळं ऐकणं सकाळच्या गाडीत. तिथे वायर म्हणजे डोक्याला ताप, दादरला उतरताना ती कोणाच्यातरी सॅकमध्ये अडकते आणि फोन खिशातून बाहेर. पण तेही सोडा, मी आवाजाबद्दलच बोलतोय. गाडीची जी सलग घरघर असते तिच्याखाली बायाँ दबतो म्हणून माणूस व्हॉल्यूम वाढवत जातो. ब्लूटूथवाल्यातलं नॉइज कॅन्सलेशन नेमकी तीच खालची घरघर कापतं, त्यामुळे अर्ध्या व्हॉल्यूमला खर्ज ऐकू येतो. जागतिक आरोग्य संघटनेचं सांगणं आहे की ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास चालेल, ९० ला फक्त ४ तास. कानाचा विचार करता माझ्यासाठी ब्लूटूथच जास्त चांगला आवाज देतं, तुमचे किलोबिट त्या डब्यात कोणाला ऐकू येणार?

मंद्र_सप्तक
@विरार_फास्ट चांगल्या इन-इअरची सिलिकॉन टिप नीट बसली की बाहेरचा आवाज बराच अडतो, त्याला बॅटरी लागत नाही. टिपचा साइज लोक बदलूनच बघत नाहीत, बॉक्समध्ये आलेली मधली लावतात आणि मग बास नाही म्हणून ओरडतात.

विरार_फास्ट
टिप बदलून बघितलंय. वरच्या पट्टीतलं अडतं, घरघर उरतेच. शिवाय कान असा बंद केला की चालताना आपलीच पावलं धप धप ऐकू येतात आणि वायर शर्टाला घासली की खरखर थेट कानात. वायर कानामागून घेतली तर कमी होते, जात नाही.

ठेका_आणि_मी
मी गाते, शिकवते, त्यामुळे माझ्यासाठी हा वादच नाही. रेकॉर्डिंग करताना ब्लूटूथ चालतच नाही. फोनमधून निघालेला आवाज कानापर्यंत यायला सर्रास दीडशे-दोनशे मिलिसेकंद लागतात. पिक्चर बघताना कळत नाही कारण अ‍ॅप चित्रही तेवढंच थांबवून दाखवतं, पण गाताना कोण थांबवणार? १२० च्या लयीत एक मात्रा अर्ध्या सेकंदाची, म्हणजे २०० मिलिसेकंद उशीर झाला की जवळपास अर्धी मात्रा गेली. गंमत अशी की गाताना सगळं सुरळीत वाटतं, कारण जो ठेका ऐकू येतोय त्याच्यावरच आपण गातोय, नंतर ट्रॅकवर आवाज बसवायला गेलं की सम (तालाची पहिली मात्रा) मागे पडलेली दिसते. माझ्या दोन विद्यार्थिनी याच्यामुळे स्वतःच्या लयीवर शंका घ्यायला लागल्या होत्या, वायर लावायला सांगितली आणि सम जागेवर आली. आपलाच आवाज माइकमधून कानात घ्यायचा असेल तर ब्लूटूथवर तोंडातून निघालेला शब्द उशिरा परत येतो आणि माणूस अडखळतो. शिकणाऱ्या पोरांच्या आईवडिलांनो, रियाजासाठी महागडे बड्स घेऊन देऊ नका, कृपा करा.

फेडर_खाली
साउंडचं काम करतो. ताई म्हणतात ते उशिराचं शंभर टक्के खरं. पण मंद्र_सप्तक, तुमचा किलोबिटचा मुद्दा मला मान्य नाही. १४११ आणि ३२८ ही थेट तुलना होत नाही, कोडेक जे फेकतो त्यातलं बरंचसं कान तसंही पकडत नाही. तोच ट्रॅक, अगदी तीच पातळी आणि कोणता कोडेक चालू आहे ते माहीत नसताना ऐका, बहुतेकांना सांगता येत नाही. पातळी जरा जरी वाढली तरी कान त्यालाच चांगलं म्हणतो, दुकानातली तुलना तिथेच फसते. खरा फरक ट्यूनिंगचा. हरमन या ऑडिओ कंपनीत शॉन ऑलिव्ह यांनी हेच तपासलं, कुठल्या पट्टीला किती उचल दिली की ऐकणाऱ्यांना जास्त आवडतं. ब्लूटूथवाल्यात तर अ‍ॅम्प (आवाजाला जोर देणारं सर्किट) त्याच ड्रायव्हरसाठी जुळवलेला असतो, आतली चिप ट्यूनिंग सुधारते. तुमचा एचडी ६०० हा ३०० ओहमचा, म्हणजे जास्त जोर लागणारा, साध्या फोनच्या पिनवर त्याला आवाजच पुरत नाही.
बड्समध्ये बास फुगवतात ही तक्रार खरी, पण तो कंपनीने केलेला निर्णय आहे, ब्लूटूथचा दोष नाही. अ‍ॅपच्या इक्वलायझरमध्ये खालची पट्टी उतरवा आणि परत ऐका.

मंद्र_सप्तक
@फेडर_खाली मग स्टुडिओत तुम्ही काय लावता?

फेडर_खाली
सोनीचा एमडीआर-७५०६, वायरवाला. १९९१ पासून तोच मॉडेल चालू आहे, पॅड फाटले की नवीन मिळतात. पण ते उशीर नको आणि दिवसभर बॅटरीची चिंता नको म्हणून, एसबीसी ऐकवत नाही म्हणून नाही.

तपकीर_गल्ली
दुरुस्तीवर कोणीच बोलत नाही? वायरवाल्याची पिनपाशी वायर तुटते, एका कानातलं बंद पडतं, आमच्या पुण्यात तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, नवीन पिन घेतली, डाग दिला, संपलं. बड्सची बॅटरी इवलीशी, दोन-तीन वर्षांत दम सोडते. माझा डावा बड उजव्याच्या आधी अर्ध्या तासात मान टाकायला लागला तर सर्व्हिस सेंटरवाला म्हणाला बॅटरी बदलत नाही, नवीन घ्या. युरोपात फेब्रुवारी २०२७ पासून वापरणाऱ्याला स्वतः बॅटरी काढता यावी असा नियम लागू होतोय, इकडेही यायला हवा.

दोन_पोरांची_आई
आराम म्हणजे नुसतं वजन आणि उकाडा नाही हो. मी कानात एकच बड घालते, दुसरा कान पोरांकडे. पोळ्या करताना, कपडे वाळत घालताना, झोपलेल्या बाळाला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारताना. वायर होती तेव्हा ती कुकरच्या दांड्यात अडकायची, बाळ ओढायचं आणि शेवटी मी ऐकणंच सोडून दिलं होतं. आता भीमसेन जोशींचे अभंग रोज ऐकते. तुमच्या खुर्चीतला आराम मला मिळणारच नाहीये, त्यामुळे माझ्यासाठी बड्स हाच आराम.

मंद्र_सप्तक
@दोन_पोरांची_आई तुमच्या कामात वायर नकोच, याला माझ्याकडे उत्तर नाही. माझा राग फोनवाल्यांवर आहे. २०१६ मध्ये आयफोन ७ मधून हेडफोनचा जॅक काढला, मग एकेक करून बाकीच्यांनी काढला, आता महागड्या फोनमध्ये तो शोधावा लागतो. यूएसबी-सीचा छोटा डोंगल (हेडफोनची पिन लावायचा जोड) मिळतो आणि आवाज चांगला देतो, पण तो लावला की चार्जिंगचं भोक गेलं. साडेतीन मिलिमीटरची जागा ठेवली असती तर ज्याला जे हवं ते त्याने घेतलं असतं.

विरार_फास्ट
जॅक परत यावा याला पूर्ण पाठिंबा, बॅटरी संपली की मीही वायरच लावतो. पण गाडीतल्या आवाजावर मी मागे हटणार नाही. एकदा ऑफिसच्या वेळेला नॉइज कॅन्सलेशन लावून विलंबित ख्याल ऐका आणि मग सांगा खर्ज कशात जास्त कळला.