मदत हवी आहे : जुनं दोन इंजिनांचं हेलिकॉप्टर, ए१०९ की ईसी१३५?

नमस्कार मंडळी. आमच्या साहेबांना जुनं हेलिकॉप्टर घ्यायचंय. कागदपत्रं बघायचं काम माझ्याकडे आलंय, आणि मी पडलो हिशेबाचा माणूस. आतापर्यंत एका इंजिनाचं भाड्यानं घ्यायचो. पावसाळ्यात घाट ओलांडायचा म्हटलं की घरच्यांचा जीव टांगणीला लागतो, म्हणून आता दोन इंजिनांचंच हवं.

यादीत दोन उरलीत : ऑगस्टा ए१०९ई पॉवर आणि युरोकॉप्टर ईसी१३५ टी२. उड्डाणाचं कमाल वजन २,८५० आणि २,८३५ किलो, म्हणजे सारखंच. ए१०९ वेगवान, शिवाय चाकं पोटात घेतं, त्यामुळे साहेबांचा जीव त्याच्यावर. माझं मत ईसी१३५ला. आम्ही उतरतो कारखान्याच्या मैदानात, नाहीतर कुठल्यातरी माळावर. तिथे चाकं रुतायची भीती, ईसी१३५चे स्किड (चाकांऐवजी असलेल्या आडव्या नळ्या) निभावून नेतात. शेपटीचा पंखाही आवरणात असतो. आपल्याकडे हेलिकॉप्टर दिसलं की पोरंसोरं धावत येणारच!

हे ईसी१३५ जर्मनीत रुग्णवाहिका म्हणून उडत होतं. उडालेले तास बेताचे आहेत, किंमतही बरी. मग अडचण कुठे असू शकते? महाबळेश्वरला भर उन्हाळ्यात चालेल का? आणि साहेब म्हणतात, रिकामं असेल तेव्हा निवडणुकीत भाड्यानं देऊ. जमेल?

प्रतिसाद १
तासांवर जाऊ नका, सायकल विचारा, म्हणजे इंजिन किती वेळा चालू करून बंद केलं तो आकडा. रुग्णवाहिकेची उड्डाणं छोटी, त्यामुळे तासांच्या मानानं इंजिन चालू-बंद फार वेळा होतं, आणि टर्बाइनच्या चकत्यांचं आयुष्य सायकलवर मोजतात. रोटर, गिअरबॉक्स, इंजिन यांच्या आयुष्य ठरलेल्या प्रत्येक भागाचा सिरियल नंबर, झालेलं आयुष्य, उरलेलं आयुष्य असा तक्ता मागवा आणि लॉगबुकशी ताडून बघा. एखाद्या भागाचा मागचा कागद सापडत नसेल तर तो भाग संपला असं धरूनच भाव करा. इंजिनांचा तासावर पैसे भरायचा देखभाल करार असेल तर तो नव्या मालकाच्या नावावर होतो का, हे इंजिन कंपनीकडूनच लेखी घ्या, दलालाकडून नको. बाकी डीजीसीएची (आपल्याकडचं नागरी विमान वाहतुकीचं नियामक खातं) आयात परवानगी, तिकडचं एक्स्पोर्ट सर्टिफिकेट वगैरे आलंच.

प्रतिसाद २
पायलट आहे. महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटरवर. पारा ३०ला गेला की तिथली हवा २,००० मीटरच्या वर असते तितकी विरळ. दोन्ही इंजिनं चालू असताना मशीन आरामात उचलेल. एक बंद पडलं तर काय, ते बघायचं. फ्लाइट मॅन्युअलमधले एका इंजिनाचे तक्ते काढा, तिथली उंची आणि तापमान घाला, येईल तेच तुमचं खरं वजन. त्या वजनाचा विचार न करता सगळी आसनं भरून निघणार असाल तर दुसऱ्या इंजिनाचे पैसे कशाला घालवताय?
भाड्याचं म्हणाल तर, खाजगी नोंदणीवर भाडं घेता येत नाही. त्याला एनएसओपी, म्हणजे वेळापत्रकाशिवायच्या व्यावसायिक उड्डाणांचा परवाना लागतो. कस्टमचं गणितही वेगळं, ते आयातीआधीच ठरवा.

धागाकर्ता
दोघांचे आभार. साहेबांना आसनांचं सांगितलं, गप्प झाले. विकणारा म्हणतोय तपासणी त्याच्याच वर्कशॉपमध्ये करू, बोरोस्कोपसकट (नळीचा कॅमेरा घालून इंजिन आतून बघणं), खर्च त्याचा. घ्यावी का?

प्रतिसाद १
नको. खर्च तुम्ही करा, माणूस तुमचा न्या.