ओपेथचा 'हेरिटेज': ग्रोल गेला म्हणून गळे काढणाऱ्यांसाठी

घसा_बसला: काल इथे कुणीतरी लिहिलं की ज्यांना ओपेथ या स्वीडिश मेटल बँडचा 'हेरिटेज' अल्बम झेपत नाही त्यांना नुसता आरडाओरडाच कळतो. डोकं फिरलं. २००९ ला आयआयटी मद्रासच्या 'सारंग' फेस्टमध्ये ओपेथ ऐकायला पुण्याहून गेलो होतो. परतीचं रिझर्वेशन नव्हतं, डब्याच्या दाराशी पेपर अंथरून आलो. त्यांच्या गायकाचा, ओकरफेल्टचा, तो पोटातून निघणारा गुरगुरता आवाज, म्हणजे ग्रोल, आठवडाभर कानातून गेला नाही. आणि २०११ ला त्याच माणसाच्या या अख्ख्या अल्बमात एकही ग्रोल नाही! सत्तरच्या दशकातला मेलोट्रॉन (टेपवर चालणारा कीबोर्ड) उकरून काढायचा, याला प्रयोग म्हणायचं?

सात_आठ: काल मीच लिहिलं होतं. त्यांच्याच २००३ च्या 'डॅम्नेशन' अल्बमात कुठे होता ग्रोल?

घसा_बसला: तो 'डेलिव्हरन्स' अल्बमचा जुळा. एक गुरगुरायचा, एक गप्प बसायचा. इथे गुरगुरणारा कुठाय? आणि पहिल्याच गाण्यात बासरी न् काँगाची थाप. मला वाटलं चुकीची फाइल आली.

सात_आठ: थांब. पहिलं गाणं पियानोचं आहे, दोन मिनिटांचं. काँगा 'फॅमिन'मध्ये, ते सातवं. ऐकलास कशावर?

घसा_बसला: रूममेटच्या पेनड्राइव्हवरून.

सात_आठ: म्हणजे गाणी एबीसीडीप्रमाणे लागली! शेवटचं 'मॅरो ऑफ द अर्थ' मध्येच वाजलं असणार. चौदा वर्षं याच्यावर भांडतोयस?

जुनी_कॅसेट: फुकट्यांना क्रम कुठून कळणार? मी एक महिना डबा बंद करून वडापाववर काढला आणि सीडी घेतली. झाडाला डोकी लगडलेलं ते कव्हर, पडणारं डोकं बँड सोडणाऱ्या कीबोर्डवाल्या पेर विबरीचं, हे तुमच्या पेनड्राइव्हवर दिसतं का?

घसा_बसला: काका, तुमच्या घरी डेक होता. आमच्या हॉस्टेलात चौघांत एक हेडफोन, त्याचाही डावा कान मेलेला.

जुनी_कॅसेट: काका कुणाला म्हणतोस? अडतीस वय आहे माझं.

सात_आठ: आणि डावा कान मेलेला असताना मिक्सिंगला नावं ठेवतोस? स्टीव्हन विल्सनने केलंय ते.

घसा_बसला: मिक्सिंगचं नाव तरी काढलं का मी? विल्सनला तर त्याच २००९ च्या डिसेंबरात पवईला आयआयटीच्या मूड इंडिगो फेस्टमध्ये ऐकलंय, त्याच्या पॉर्क्युपाइन ट्री बँडबरोबर. मला शिकवू नका.

घसा_बसला: काल रात्री क्रमाने ऐकला, दोन्ही कानांनी. 'फोकलोर' गाण्याचा शेवट बरा आहे. बरा म्हणतोय, नाचू नका. ओपेथच्या २०२४ च्या अल्बमात ग्रोल परत आला तेव्हा 'अखेर!!!' असं तीन उद्गारचिन्हं देऊन कोण लिहीत होतं, सात_आठ?

सात_आठ: दोन होती.