बॅगेवरची जुनी पट्टी : कनेक्टिंग विमान, मधली सीट आणि तुमचे अनुभव

शहापूरची काकू

काल माळ्यावरनं गोधड्या काढताना मोठी निळी बॅग खाली आली. हँडलला अजून ती पांढरी चिकटपट्टी तशीच. वर ठळक अक्षरात ओआरडी म्हणजे शिकागो, खाली बारीक एफआरए म्हणजे फ्रँकफुर्ट. बसले तिथंच पायरीवर.

२०१३ चा नोव्हेंबर. लेकीच्या बाळंतपणाला शिकागोला निघाले होते, एकटी. त्याआधी विमान म्हणजे आपल्या बेळगावच्या विमानतळावरनं, सांबऱ्याकडनं आवाज करत जाणारं, अंगणात येऊन वर बघायचं, एवढाच संबंध. रात्रीच्या बसनं मुंबई, दिवसभर बहिणीकडं डोंबिवलीत, मध्यरात्री सहार विमानतळ. नवं टर्मिनल तेव्हा सुरू व्हायचं होतं. काउंटरवरच्या मुलीनं दोन बोर्डिंग पास हातात दिले आणि म्हणाली, "आंटी, बॅग अब सीधा शिकागो." मी तीनदा विचारून घेतलं. बॅगेत आळीव, डिंकाचे लाडू, मेतकूट, बाळंतविडा. ती माझ्याशिवाय जर्मनीत फिरणार म्हटल्यावर जीव थाऱ्यावर राहीना.

मुंबईतनंच उशिरा सुटलं. फ्रँकफुर्टला उतरले तेव्हा पुढच्या विमानाला पाऊण तास. विमानात पुढच्या रांगेतला लाल स्वेटरवाला शिकागोलाच चाललाय हे मला कळलं होतं, म्हणून ठरवलं, पाट्या वाचत बसायचं नाही, ह्याच्या मागनं चालायचं. डावीकडं, उजवीकडं, सरकत्या जिन्यानं खाली. तो चालला आणि मीही चालले, आणि तो शिरला पुरुषांच्या संडासात. मी दाराशी पर्स धरून उभी. बाहेर आला तर मला बघून दचकलाच.

मग परत एकदा तपासणी. पाटल्या वाजल्या, त्या निघेनात, साबण लावायची वेळ आली. तिथल्या बाईनं पास बघितला, घड्याळ बघितलं आणि कुणाला तरी हाक मारली. ती बॅटरीची गाडी आली, तिच्यात मला बसवलं आणि पीं पीं करत लोकांतनं काढली. वरातीत बसल्यागत वाटलं बघा. लग्नात बैलगाडी होती आमची.

सीट ४१ ई, मधली. पाण्याच्या इवल्या डब्यावरचा चंदेरी कागद ओढला आणि पाणी शेजारच्याच्या मांडीवर. नंतर उतरायच्या आधी तो कस्टमचा निळा फॉर्म आला. अख्ख्या रांगेत पेन एकट्या माझ्याकडं. दोन गुजराती आज्ज्या आणि एक सरदारजी, सगळ्यांचे फॉर्म मी भरले. खाण्याचे पदार्थ आहेत का, तर सगळ्यांचं "हो".

तुमचं कनेक्टिंग कुठं चुकलं, कुठं गावलं, लिहा. नुसतं जेवणावर लिहिलं तरी चालेल.

खानापूरकर

काय सांगूलाल काकू! हसून पोट दुखूलालंय. लाल स्वेटरवाल्याला विमान गावलं काय?

शहापूरची काकू

गावलं की. माझ्याआधी येऊन बसला होता. मला बघून त्यानं पेपर तोंडासमोर धरला.

निपाणीची सून

मांडे. एवढं म्हटलं की बेळगावकरांना पुढचं कळायला पाहिजे.

भाऊ लंडनला. त्याला पेढा नको, कुंदा नको, मांडेच पाहिजेत. सासूबाईंनी साडीच्या खोक्यात मलमलचं फडकं घालून बारा मांडे रचून दिले. बॅगेत टाकणं शक्यच नाही, म्हणून हातात. मुंबई ते दुबई मांडीवर. जेवणाचा ट्रे आला तेव्हा खोकं हनुवटीखाली आणि ट्रे खोक्यावर, असं जेवले. भात कुठला, बटर कुठलं, काही कळलं नाही. हवाईसुंदरीनं दोनदा विचारलं, आत काय आहे. पोळी म्हटलं तर तिला पटेना. एवढी मोठी घडी घातलेली पोळी कुणी सात-आठ हजार किलोमीटर नेतं का!

दुबईला चार तास. तिथं खोकं शेजारच्या खुर्चीवर ठेवून मी उभी, कारण बसायला जागा एकच होती. दुसऱ्या विमानात मात्र वरच्या कप्प्यात ठेवायलाच लावलं. ठेवलं. शेवटी चढलेल्या एका गृहस्थानं आपली चाकांची बॅग खांद्यानं आत रेटली. कर्रर्र. पाचोळ्यावर पाय पडला की येतो तसला आवाज. मी खाली बसून ऐकला.

घरी खोकं उघडलं तर सगळा चुरा. भाऊ एक शब्द बोलला नाही. त्यानं वाडग्यात चुरा घेतला, गरम दूध ओतलं, वर तूप, आणि ओट्यापाशी उभ्या उभ्या खाल्ला. मांडे नाहीतरी दुधात कुस्करूनच खातात म्हणा.

कॅम्पातली

निपाणीची सून, डोळ्यात पाणी आलं गं.

माझं साधंच. पासपोर्टवर जन्मगाव जुन्या स्पेलिंगनं, बेळगाव. २०१४ ला नाव बदललं, तर बाकी कागदांवर बेळगावी. एका ठिकाणी कनेक्शनला मदतीच्या काउंटरवर त्यानं विचारलं, घर कुठं. मी म्हटलं बेळगाव. त्यानं हसून ब्रसेल्सच्या गेटकडं बोट केलं.

टिळकवाडीचा

हसा, पण एक कामाचं लिहितो, कारण माझे चाळीस हजार गेलेत.

बेळगाव-मुंबई वेगळं तिकीट, मुंबईच्या पुढचं वेगळं, असं कधी करू नका. दीड-दोन हजार वाचतात म्हणून मी केलं. जुलै महिना, पाऊस, ढग खाली आलेले. सांबऱ्यावर यायचं विमानच आलं नाही वेळेत. मुंबईत पोचलो तर पुढचं गेट बंद. काउंटरवरची मुलगी अगदी गोड आवाजात म्हणाली, सर, तुम्ही नो-शो. म्हणजे न आलेले. मी समोर उभा! वर पहिला टप्पा चुकवला म्हणून परतीचं तिकीटही आपोआप रद्द.

सगळे टप्पे एकाच पीएनआरवर असले तर पहिल्या विमानाच्या उशिराला कंपनी जबाबदार, पुढच्या विमानात तीच बसवते. ते दीड-दोन हजार म्हणजे त्याचा विमा समजायचा.

आणि परत येताना बॅग शेवटपर्यंत येईल असं धरू नका. पट्टीवर बेळगाव लिहिलं असलं तरी मुंबईत उतरल्यावर बॅग स्वतः घ्यायची, कस्टममधनं काढायची, मग परत द्यायची. आतल्या विमानाचं टर्मिनल कुठलं तेही आधी बघा. टी-वन आणि टी-टू चालत जायच्या अंतरावर नाहीत.

वडगावची

हे परतीचं आम्हाला माहीत नव्हतं. बॅग मुंबईत पट्ट्यावर गोल फिरत राहिली, आम्ही घरी.

मास्तर (निवृत्त)

ताई, आपल्या पट्टीवरच्या ओआरडीचा उलगडा करतो. शिकागोच्या त्या विमानतळाचं जुनं नाव ऑर्चर्ड फील्ड. नाव बदललं, अक्षरं राहिली. आपल्या सांबऱ्याचं आयएक्सजी. चंदीगड, बागडोगरा, मदुराई, मंगळूर यांचीही अक्षरं आयएक्सनंच सुरू होतात. म्हणून पट्टी लावली की शेवटचं अक्षर स्वतः वाचावं.

सांबऱ्याची धावपट्टी १९४२ ची, ब्रिटिशांच्या हवाईदलाची. आमचे वडील तिथं खडी टाकायला गेले होते, रोजावर. सध्याची इमारत सप्टेंबर २०१७ ची. मी त्या इमारतीतून पहिल्यांदा बेंगळूरला गेलो तेव्हा वरून शेतं बघून वडिलांची आठवण आली. विषयांतराबद्दल क्षमस्व.

वडगावची

मास्तर, लिहा हो. हाच तर विषय.

माळकरी घरातला

वडिलांच्या गळ्यात तुळशीची माळ. कांदा-लसूणसुद्धा एकादशीला नाही. तिकीट काढताना जेवणाच्या यादीत 'हिंदू मील' दिसलं, मी भाबडेपणानं त्यालाच टिक केलं. विमानात ट्रे आला, चंदेरी झाकण काढलं, चिकन! वडील माझ्याकडं बघूलाले, मी ट्रेकडं.

हिंदू मील म्हणजे गोमांस नसलेलं, एवढंच. शाकाहारी पाहिजे तर 'एशियन व्हेजिटेरियन' किंवा जैन, आणि तेही किमान चोवीस तास आधी कळवायचं. दोन्ही टप्प्यांना लागलंय का ते वेगळं बघायचं. वडिलांनी त्या दिवशी पाव, केळ्याचे दोन काप आणि स्वतःच्या पिशवीतले शेंगदाणे-गूळ खाल्ला. शेजारच्या गोऱ्या माणसानं गूळ मागून घेतला. वडील खूश. अजून सगळ्यांना सांगतात, परदेशातला माणूस गूळ मागून खातो म्हणून. चिकनचं कुणाला सांगत नाहीत.

खानापूरकर

स्पेशल जेवण सगळ्यांच्या आधी येतंय, ते एक बरं. आणि आपलं संपल्यावर बाकीच्यांचं बघत बसायचं, ते वाईट.

माझं २००९ चं, मस्कतवरनं दोहा, नोकरीला. आईनं बॅगेच्या तळाला खोबऱ्याच्या वाट्या घातल्या, मला न सांगता. बॅग आत गेली, मी निवांत चहा पिऊलालोय, तर माईकवर माझं नाव. आत नेलं, बॅग उघडायला लावली. साहेब म्हणाला, सुकं खोबरं चालत नाही, तेलामुळं आपोआप तापतं, पेट घेतं. नारळ अख्खा असता तर गोष्ट वेगळी. एकेक वाटी काढून टेबलावर ठेवलो. अकरा होत्या. मोजलो मी. आईला पोचल्यावर फोनवर सांगितलं, आमटी झकास झाली.

उचगावचा

बॅग हरवलेला कुणी नाही काय? मी आहे.

बेंगळूर-बेळगाव शेवटच्या टप्प्याला छोटं विमान. वजन जास्त झालं म्हणून काही बॅगा मागंच ठेवल्या, आणि हे आम्हाला सांबऱ्याला उतरल्यावर कळलं. पट्टा बंद झाला, तिथं मी आणि एक फौजी, दोघंच. फौजी म्हणाला, फॉर्म भरल्याशिवाय बाहेर पडू नका. त्याला पीआयआर म्हणतात. त्याचा नंबर नसला तर कुणी ओळख देत नाही. परदेशच्या प्रवासात बॅग उशिरा मिळाली तर मिळाल्यापासून एकवीस दिवसांत लेखी तक्रार करायची, फुटून आली तर सात दिवसांत.

तिसऱ्या दिवशी टेम्पोतनं आली. मधल्या काळात लग्नाला मेहुण्याचा शर्ट घालून गेलो. फोटोत सगळीकडं बटणं ताणलेली.

निपाणीची सून

कुंद्याचं कुणी सांगेल का? केबिनमध्ये नेऊ देतात?

कॅम्पातली

घट्ट असला तर देतात, मऊ असला तर हातात घेऊन हलवून बघतात. पातळ पदार्थांचा शंभर मिलीचा नियम कधी कशाला लावतील नेम नाही. मोठ्या बॅगेतच टाक. गोकाकचा करदंट, म्हणजे डिंक-सुकामेव्याची वडी, मात्र बिनधास्त.

वडगावची

कुकर लावून आले. आमच्या सासूबाईंचं राहिलं.

गुडघे दुखतात म्हणून व्हीलचेअर सांगितली होती, दुबईला बदलायचं होतं. ढकलायला आलेला पोरगा काहीतरी इंग्रजीत विचारतोय, ह्या मराठीत सांगतायत, मग वैतागून कानडीत पुटपुटल्या, "ह्याला काही कळत नाही" अशा अर्थाचं. पोरगा थांबलाच. विजापूरकडचा निघाला! मग काय, दोघांची उत्तर कर्नाटकी कानडी सुरू. पाऊस, ज्वारी, त्याची आई. त्यानं त्यांना रांगेच्या बाजूनं नेलं, चहा आणून दिला. गेट आल्यावर ह्या खुर्चीतनं ताडकन उठल्या आणि कनवटीचे शंभर रुपये त्याच्या खिशात कोंबायला त्याच्या मागं पळत गेल्या. गुडघे म्हणे दुखतात.

टिळकवाडीचा

हाहा. व्हीलचेअर सोडून पळणाऱ्या आज्ज्या प्रत्येक विमानात असतात.

खानापूरकर

पुढच्या गुरुवारी गोव्याच्या मोपा विमानतळावरनं निघूलालोय, दोन टप्पे, एकच पीएनआर. चोर्ला घाटाचा रस्ता आता कसा आहे? कोण गेलंय काय एवढ्यात?

उचगावचा

परवाच आलो. खड्डे आहेत, पण जातंय. पहाटे निघालास तर धुकं लागतंय, तासभर जादा धर.

शहापूरची काकू

खानापूरकर, निघायच्या आधी बॅगेचा तळ बघून घे रे बाबा. आई आहे ना घरी?