लस दिलेल्या घोड्याला वेगळं कशाला ठेवायचं? (इंदूरकरांची चर्चा; नावाच्या जागी ज्याचा त्याचा मोहल्ला.)

रामबाग : पुण्याच्या रेसच्या मोसमासाठी आणलेल्या घोड्याला फ्लूची लस दिलेली, ग्लँडर्स या घोड्यांच्या जीवघेण्या संसर्गाचा अहवाल निगेटिव्ह. तरी तीन आठवडे वेगळा बांधायचा. सराव बुडतो, मालक खर्चात जातो. उगाच बाऊ आहे.

छावणी : वाचून डोकं फिरलं. लस घेतलेल्या घोड्यालाही फ्लू होतो. खोकला कमी असतो, पण विषाणू नाकातून बाहेर पडतच असतो. आणि स्ट्रँगल्सचं, म्हणजे घशा-जबड्याशी गाठी आणणाऱ्या संसर्गाचं काय? त्यात आधी ताप येतो, नाकातून पू एक-दोन दिवसांनी. सकाळ-संध्याकाळ थर्मामीटर लावला तरच घोडा वेळेत हाती लागतो. बऱ्या झालेल्या घोड्याच्या घशामागच्या पिशवीत जंतू महिनोन्‌महिने टिकतात आणि घोडा दिसतो तुकतुकीत. ग्वाल्हेरला मामांच्या तबेल्यात असाच एक थेट इतरांच्या रांगेत बांधला. पंधरवड्यात शेजारच्या ठाणांवरच्या घोड्यांच्या जबड्याखाली गाठी. एक शिंगरू गेलं. बाऊ म्हणे!

रामबाग : तुमच्या मामांची गोष्ट म्हणजे पुरावा नव्हे. हिसारच्या अश्व संशोधन केंद्राचा कागद असताना आणखी काय हवं?

छावणी : तो कागद ग्लँडर्सचा. स्ट्रँगल्सबद्दल त्यात अक्षर नाही.

नारायणबाग : रेसच्या घोड्यांना निदान कागद तरी आहे. आपल्या इंदुरात वरातीच्या घोड्या एकाच हौदावर पाणी पितात, त्यांना कोण तपासतं? ग्लँडर्स माणसालाही होतो, त्यावर लस नाही, जनावरांच्या साथीच्या रोगांबद्दलच्या २००९च्या कायद्याने तो सरकारला कळवावाच लागतो. २००८चा घोड्यांचा फ्लूही वैष्णोदेवीच्या पायथ्याच्या कटऱ्याला, यात्रेकरूंची ने-आण करणाऱ्या जनावरांतच आधी दिसला होता.

रामबाग : विषय रेसचा आहे. वराती इथे आणू नका.

नारायणबाग : का नको? जंतू मालकाची ऐपत बघून शिरतो का? ग्लँडर्स निघाला आणि घोडी मारावी लागली तर त्या माणसाची चूल बंद होते, म्हणून तो आजार लपवतो. हे बोलायचंच नाही?

लोकमान्यनगर : तुम्ही सगळेच साईसाला, घोड्याची निगा राखणाऱ्याला, विसरलात. घोडा वेगळा बांधला, पण माणूस तोच, बादली तीच, खरारा तोच. ऑस्ट्रेलियात २००७ साली विलगीकरण केंद्रातूनच फ्लू बाहेर पडला. चौकशीत माणसांच्या कपड्यांवर, सामानावर बोट ठेवलं गेलं. माझे वडील तबेल्यात होते. हात धुवायला साबणही घरून न्यायचे, आणि घोडा आजारी पडला की बोलणी त्यांनाच.

रामबाग : बरं, वेगळा साईस आणि तापाचा तक्ता मान्य. पण तीन आठवडे सरसकट सगळ्यांना नाही.

छावणी : मग दुर्बिणीने घशाची पिशवी तपासा, तिथलं पाणी प्रयोगशाळेत पाठवा. निर्धोक निघाला, तापाचा तक्ता सरळ राहिला, तर लवकर सोडा. नुसत्या लसीवर मात्र सोडू देणार नाही.

रामबाग : तपासणीचा खर्च मालकाने द्यावा, एवढं मानतो. याहून जास्त नाही.

नारायणबाग : आमच्या घोडीवाल्यांना तोही झेपणार नाही. लग्नसराईआधी महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिबिरासाठी अर्ज देतोय. सही करणाऱ्यांनी इथेच कळवा.