झीना, तिचं चक्र आणि आपण (अनुभव धागा)

भाचीने परवा विचारलं, "मावशी, तुझ्या लहानपणी मारामारी करणारी हिरॉईन कोण होती गं?" तोंडातून पटकन निघालं, टीव्हीवरची झीना! पाठीवर तलवार, कमरेला चक्र, काळे केस आणि ती किंकाळी.

नव्यांसाठी थोडं आधीचं. झीना स्वतःच्या मालिकेसाठी जन्मलीच नव्हती. १९९५ च्या मार्चमध्ये ती हर्क्युलिस या ग्रीक वीराच्या मालिकेत खलनायिका म्हणून आली. तीन भाग दंगा करायचा आणि मरायचं, एवढंच तिचं काम. ठरलेली नटी आजारी पडली म्हणून न्यूझीलंडच्या लूसी लॉलेसला ऐनवेळी बोलावलं, तेही ती सुट्टीवर असताना. प्रेक्षकांना ही बाई इतकी आवडली की तिला मारायचं रहित झालं. त्याच सप्टेंबरात तिची वेगळी मालिका सुरू झाली आणि २००१ पर्यंत १३४ भाग चालली. गावं लुटणारी बाई पश्चात्ताप होऊन तीच गावं वाचवत हिंडते. आपल्याला वाल्या कोळी माहीत असल्याने हे समजवावं लागलं नाही.

तर ती तुमच्या घरात कशी शिरली, ते लिहा. लांबलचक चालेल.

मिरजकर
आमच्याकडे केबल आली तेव्हा मी चौथीत. इंग्रजी ओ की ठो कळत नव्हतं, पण मारामारीला भाषा कशाला लागते! तिच्या हत्याराचं नाव 'चक्रम' आहे हे कळलं त्या दिवशी बाबा हसून हसून लोळले. "बाई चक्रम फेकते, की बाईच चक्रम आहे?" आजीचा प्रश्न वेगळा होता: "कृष्णाचं सुदर्शन हिच्याकडे कसं गेलं?"
मी पिठाच्या डब्याचं झाकण घेतलं, "आलालालाला" करून हॉलमध्ये फेकलं. झीनाचं चक्र चार भिंतींवर आपटून हातात परत येतं. माझं शोकेसच्या काचेत गेलं. काचेमागे आत्याच्या लग्नात आलेला कपबशांचा सेट होता. पुढचं लिहीत नाही.

नांदेडहून
वरच्या आजींना सांगा, सुदर्शन नव्हे, आमच्या गावचं आहे ते! म्हणजे मूळचं पंजाबचं. पण मी लहानपणापासून इथल्या हजूर साहिब गुरुद्वाऱ्याच्या हल्लाबोल मिरवणुकीत निहंगांच्या, म्हणजे शीख योद्ध्यांच्या, उंच निळ्या पगड्यांवर एकावर एक चढवलेली पोलादी चक्रं बघत आलोय. टीव्हीवर झीनाने कमरेचं चक्र काढलं तेव्हा मी ओरडलोच, "अरे, हे तर आपलं!"
एकदा एका वृद्ध निहंगांनी चक्र हातात दिलं होतं. चपटी कडी, बाहेरच्या कडेला धार, आतली कड बोथट. तर्जनीवर गरागरा फिरवून सोडायचं, किंवा चिमटीत धरून फेकायचं. मी विचारलं, "बाबाजी, हे परत येतं का?" ते म्हणाले, "पुत्तर, परत आलं तर आपलंच डोकं जाईल." झीना बाहेरच्या कडेने झेलते, तिची बोटं कशी शाबूत राहिली हे मला आजही कळलेलं नाही.

न्यू जर्सी, मूळ ठाणे
भारतातल्या भागांचं कुणी काढलंच नाही. चौथ्या सीझनमध्ये ती भारतात येते, हनुमान भेटतो, कृष्ण मदतीला येतो. १९९९ मध्ये इथल्या हिंदूंमध्ये यावरून बरंच वादळ उठलं: ज्यांची घरोघरी पूजा होते त्यांना कल्पित कथेतली पात्रं कसं करता? त्यातला कृष्ण-हनुमानाचा भाग काही काळ मागे घेतला गेला, मग काटछाट करून आणि निवेदन जोडून पुन्हा दाखवला. आमच्या मंडळात यावर जेवणाच्या पंगतीत दोन तट पडले. सासूबाई निषेधाच्या पत्रावर सही करून आल्या आणि रात्री तो भाग मिळतो का विचारत होत्या. कृष्ण कसा दाखवलाय बघायचा होता.

आकाशवेडा, पुणे
२००५ मध्ये प्लूटोच्याही पलीकडे एक गोळा सापडल्याचं जाहीर झालं. शोधणाऱ्यांनी त्याचं लाडाचं नाव ठेवलं होतं झीना, आणि त्याच्या चंद्राचं गॅब्रिएल, म्हणजे मालिकेतली झीनाची सोबतीण. याच गोळ्यामुळे पुढच्या वर्षी प्लूटोची ग्रहपदावरून गच्छंती झाली. अधिकृत नाव मग एरिस पडलं, पण चंद्राचं नाव बघा: डिस्नोमिया, म्हणजे ग्रीक पुराणातली बेबंदशाहीची देवता. इंग्रजीत लॉलेसनेस. लूसीचं आडनाव आठवा. मी हे शाळेतल्या पोरांना सांगतो तेव्हा निम्म्यांना झीना माहीत नसते आणि माझा विनोद फुकट जातो.

होस्टेलची आठवण
आम्ही दोघी मैत्रिणी एकत्र बघायचो. झीना आणि गॅब्रिएल यांच्यात नक्की काय आहे, यावर बाकी मुली पैजा लावायच्या. आम्ही गप्प बसायचो. आम्हाला माहीत होतं. इतकंच.

ऑकलंडहून
चित्रीकरण इकडचंच. पश्चिमेला बेथेल्सचा काळ्या वाळूचा किनारा आहे, तिथे गेलो की बायको हमखास म्हणते, "इथे ग्रीस होतं." वाळू इतकी तापते की अनवाणी पळताना मीसुद्धा झीनासारखा ओरडतो.

मिरजकर (पुन्हा)
नांदेडकर, आजी असती तर तुमचं बोलणं ऐकून म्हणाली असती, "मग तो निहंग कृष्णाचाच कोणीतरी." ते झाकण आईने अजून ठेवलंय. एका बाजूने चेपलंय, डब्यावर नीट बसत नाही, आणि पिठाला अळ्या झाल्या की आजही शिव्या मलाच.