बॅकिंग ट्रॅकवर गिटार बसत नाही: कापायचं कुणाला, ट्रॅकला की गिटारला?

सहातारी
घरी रेकॉर्ड केलेली गिटार बॅकिंग ट्रॅकवर, म्हणजे बाकी वाद्यांच्या तयार साथीवर, चिकटवल्यासारखी वाटते, ही तक्रार नेहमीची. माझं मत: दोष ट्रॅकचा. तो आधीच मास्टर झालेला (शेवटचा हात फिरवलेला), लिमिटरनं, म्हणजे ठरलेल्या पातळीवर आवाज जाऊ न देणाऱ्या साधनानं, शून्य डेसिबलपर्यंत, म्हणजे डिजिटल कमाल पातळीपर्यंत, ठासून भरलेला असतो. त्यावर गिटार चढवली की मास्टरचा, म्हणजे सगळ्या एकत्र आवाजाचा, मीटर लाल होतो, मग मास्टरवर लिमिटर लावतात आणि किकच्या (मोठ्या ड्रमच्या) प्रत्येक ठोक्याला गिटार दबते. ट्रॅकचा फेडर (आवाजाची सरकपट्टी) आधीच ८ डेसिबल खाली घ्या. गिटार २४ बिटमध्ये, सगळ्यात जोरदार स्ट्रोकला उणे १० डेसिबलच्या आसपास. मग इक्यूनं, म्हणजे उंच-खालच्या सुरांचे पट्टे वेगवेगळे कमी-जास्त करणाऱ्या साधनानं, ट्रॅकला २ ते ३ किलोहर्ट्झवर रुंद कट, २ डेसिबलचा.

खर्जवाला
फेडरचं मान्य, कट अमान्य. किक, स्नेअर ड्रम, कीबोर्ड सगळं एकाच स्टिरिओ फाइलमध्ये शिजलंय बे. तिथे कापलं की स्नेअरचा टणकाही जातो. गिटारलाच कापा: १०० हर्ट्झखाली हाय-पास (खालचे सूर गाळणारा फिल्टर), २५० ते ३५०मध्ये ३ डेसिबल कमी. एकटी ऐकताना गोड लागणारा तो जाडपणाच बासशी भांडतो. म्हणून इक्यू करताना ट्रॅक चालूच ठेवा.
आणि ‘चिकटवल्यासारखी’ वाटण्याचं कारण बहुतेकदा कोरडेपणा. ट्रॅकला हॉलची घुमी आहे, गिटारला काहीच नाही. सेंडवर (मूळ आवाजाला समांतर वाटेवर) थोडा रिव्हर्ब, म्हणजे कृत्रिम घुमी द्या, प्री-डिले (घुमी सुरू होण्याआधीचा थांबा) २० ते ३० मिलिसेकंद.

सहातारी
मग मिड-साइडमध्ये, म्हणजे स्टिरिओचा मध्य आणि कडा वेगळ्या करून, फक्त मधला भाग कापतो की.

खर्जवाला
स्नेअरही मधोमधच असतो! कापायचंच तर डायनॅमिक इक्यू (गरजेपुरताच कापणारा) लावा, साइडचेन, म्हणजे त्याला चालवणारा इशारा, गिटारवरून. गिटार वाजेल तेवढ्यापुरतंच ट्रॅक वाकेल, थांबली की सरळ.

चादरीआड
तुम्ही दोघं शेवटच्या पायरीवर भांडताय, पहिल्याच पायरीवर काम बिघडलेलं असतं. ४४.१ किलोहर्ट्झचा (सेकंदाला ४४,१०० नमुन्यांचा) ट्रॅक रूपांतर न होता ४८च्या प्रोजेक्टमध्ये वाजला, तर जवळजवळ ९ टक्के जलद आणि दीड फ्रेट वर जातो. मग ट्यूनरला शिव्या. दुसरं, ब्लूटूथ हेडफोन. ट्रॅक कानावर उशिरा येतो, हात त्याच्यामागे जातो आणि रेकॉर्डिंग मागे पडतं. वायरचा हेडफोन, बफर (संगणक एका वेळी हाताळतो तेवढे नमुने) १२८. ४८ किलोहर्ट्झवर त्याचा उशीर एका बाजूला २.७ मिलिसेकंद.

सहातारी
आणि खोली? सोलापूरच्या पूर्व भागात दुपारभर यंत्रमागाचा खटखटाट. माइकमागे दोन चादरी टांगल्या की भागतं म्हणतात.

चादरीआड
अर्धंच भागतं. सोलापुरी चादर दुहेरी घडी करून भिंतीपासून वीतभर पुढे टांगली, तर टाळी वाजवल्यावर येणारा टणटण प्रतिध्वनी कमी होतो. खर्जाची घुमी तशीच राहते, आणि मागाचा आवाज तर सुती कापड अडवतच नाही. इलेक्ट्रिक असेल तर खोलीचा प्रश्नच सोडा, थेट इंटरफेसच्या (गिटार संगणकाला जोडणाऱ्या पेटीच्या) हाय-झी, म्हणजे गिटारसाठीच्या इनपुटला जोडा. अकूस्टिकला माइक बाराव्या फ्रेटसमोर, वीतभर अंतरावर. साउंडहोलसमोर ठेवलात तर खर्जवाल्यांचे ३ डेसिबल पुरणार नाहीत. मे महिना असला तरी टेकपुरता पंखा बंद.

खर्जवाला
पटलं. आणि शेवटी मिक्स मोनो (डावं-उजवं एकत्र) करून फोनच्या स्पीकरवर ऐका. रुंद कोरस (एकाची अनेक वाद्यं भासवणारा इफेक्ट) लावलेली गिटार तिथेच पातळ होते.

सहातारी
डायनॅमिक इक्यू घेतला, २ डेसिबलच. फेडर मात्र आठ खालीच राहणार.